एकटांगी मंजुळाची खूण

चारकोपच्या कोळीवाड्यात मंजुळाचं नाव निघालं की आजही एखादी म्हातारी तोंडाला पदर लावून हसते. "कोण, ती एकटांगी?" मंजुळा जाऊन कैक वर्षं झाली, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. त्याला कारण बोंबील.

बोंबील वाळवायची एक रीत आहे. बांबूच्या चौकटीला दोऱ्या बांधून उंच वलांडी उभी करायची. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. शेपटीनं एकटा टांगलेला बोंबील पाणी धरतो, कुजतो आणि सगळ्या दोरीला वास लावतो. कोळ्याच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मंजुळाच्या वलांडीवर मात्र, दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत, मधूनच एखादा बोंबील शेपटीनं लटकलेला दिसे. बाया तोंडावर हसत. सासूनं तर त्यापायी तिला भर अंगणात बडवली होती. मंजुळा मार खाऊन घेई आणि पुन्हा तेच करी.

नेत्राला आपल्या सासूच्या आईबद्दल एवढंच ठाऊक होतं. सासू प्रेमा, जिला ती आत्या म्हणे, आईचा विषय निघाला की उठून जायची. तिचा एकच हट्ट असे. घरात माशाची टोपली उपडी घालायची नाही. धुतलेली टोपली कुणी पाणी निथळायला उपडी घातली, की म्हातारी पंच्याहत्तरीतही धावत येऊन ती सरळ करी. का, ते कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी, असं नेत्रा बी. कॉम.च्या शहाणपणानं समजून होती.

नेत्राचा मुलगा दिपेश पावसाळ्यानंतर बँकॉकला गेला. डेटा एंट्रीची नोकरी, राहायला-जेवायला फुकट. नवरा तुळशीदास बोटीवर, आठवडा-आठवडा समुद्रात. त्याला पोरानं पाण्यात उतरायला नको होतं, म्हणून तोही खूश होता. दर रविवारी दुपारी दिपेशचा व्हिडिओ कॉल येई. "झकास आहे गं सगळं," तो म्हणे. जरा वाळलेला वाटे, पण हसे. नेत्रा स्वतःलाच दटावी, उगाच काळजी करायची सवय लागलीय तुला.

जानेवारीतल्या एका रविवारी दिपेश म्हणाला, "प्रितमला पाठवून द्या. माझ्या साहेबांनी त्याचं तिकीट काढलंय."

प्रितम नेत्राच्या नणंदेचा, श्वेताचा, मुलगा. त्याच्या नोकरीचं आधीच ठरत आल्यानं श्वेता घाटकोपरहून पेढेच घेऊन आली होती. तिनं मोबाइलवर त्या कॉलचा फोटो काढला आणि घरातल्या ग्रुपवर टाकला. "भाचा मामीच्या पोराच्या पावलावर पाऊल ठेवणार!"

प्रेमा कोपऱ्यात बोंबील निवडत बसली होती. श्वेतानं फोन तिच्यासमोर धरला. "बघ आये, तुझा नातू. कसला साहेब दिसतोय."

प्रेमानं बघितलं. मग फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"त्याच्या पाठी काय आहे गो?"

"दोरी आहे. मोजे वाळत घातलेत."

"कसे घातलेत?"

श्वेता हसली. "आता मोज्यातपण खोट काढ!"

मोजे जोडीजोडीनं दोरीवर टाकले होते, एक अलीकडे, एक पलीकडे. टोकाला एकच मोजा होता, बोटांकडून चिमट्यात अडकवलेला, उलटा.

"आधीचे फोटो दाखव," प्रेमा म्हणाली. तिचा आवाज असा होता की श्वेताचं हसू विरलं. ग्रुपवर मागचे रविवार शोधले. एका फोटोत टॉवेल होते, एकात पुन्हा मोजे. प्रत्येक वेळी सगळं जोडीनं आणि टोकाला एक एकटा, उलटा.

"पोराला कोंडलंय," प्रेमा म्हणाली. "प्रितमला पाठवू नका."

नेत्राच्या हातातला पेढा तसाच राहिला. "आत्या, मोजा आहे तो!"

"माझ्या आयेचा बोंबीलपण बोंबीलच होता."

मग आयुष्यभर न बोललेली गोष्ट प्रेमानं तिथंच, माशांच्या राशीपुढे बसून सांगितली.

युद्धाच्या दिवसांत खाडीच्या पलीकडे मिठागराची एक गोदी होती, तिच्यात मिठाची बंद वखार. एक ठेकेदार उपाशी गावांतून माणसं आणायचा. लष्कराचं काम आहे सांगून अंगठे घ्यायचा आणि गोदीत कोंडून ठेवायचा. भरतीला गलबत लागलं की ती माणसं परमुलखात विकली जायची. मंजुळा त्या गोदीत सुकी मासळी पोचवायची. तिनं आत बघितलं होतं. बायांच्या पायांत दोरखंड, पोरं शेणासारखी पडलेली. पलीकडच्या गावात एक मास्तर होते. त्यांनी दोन-चार माणसं जमवली होती आणि विकला न गेलेला एक पोलीस अंमलदार त्यांच्या ओळखीचा होता. पण किनाऱ्यावर पहारा, ठेकेदाराची माणसं सगळीकडे. निरोप द्यायचा कसा?

"आयेची वलांडी पलीकडून दिसायची," प्रेमा म्हणाली. "शेपटीनं एक बोंबील टांगला की समजायचं, आत माणसं आहेत, गलबत लागतंय. मास्तरला कळलं की तो मिठागरावर दोन टोपल्या उपड्या घालायचा. कळलं, येतोय. तेवढ्यासाठी ती दिवसभर पलीकडे बघत बसायची. लोक म्हणायचे, कामाला नको, खाडी बघत बसते."

"किती माणसं सुटली?" श्वेतानं विचारलं.

"सुटली बरीच. तिनं मोजली नव्हती."

"मग सांगितलं का नाही कुणाला? जन्मभर एकटांगी म्हणवून घेतलं!"

प्रेमानं पुढ्यातली रास बाजूला सारली. "ठेकेदाराला संशय आला. त्यानं तिच्या धाकट्या भावाला उचललं. जयवंत मामा. गोदीत बसवला आणि तिला बजावलं, आता गलबत अडलं तर हा जाईल. दुसऱ्या दिवशी गोदी भरलेली होती."

"मग?" नेत्रानं विचारलं.

"तिनं बोंबील टांगला. गलबत अडवलं, माणसं सुटली. मामा त्यांच्यात नव्हता. तो कधीच मिळाला नाही. आजीला, म्हणजे मामाच्या आयेला, काय सांगणार होती ती? म्हणून एकटांगी राहिली. मला मरताना सांगितलं. मी कुणाला नाही सांगितलं, फक्त दिपेशला. लहान होता, माझ्याबरोबर जोड्या लावायला बसायचा. गोष्ट सांग, गोष्ट सांग, करायचा."

नेत्रा ताडकन उठली. "हे मला कशाला सांगता आत्या? प्रितमला नाही पाठवला तर ते माझ्या पोराला मारतील! त्याला तेच काम दिलंय ना, माणूस आण म्हणून? तुमच्या मामासारखं—" श्वेता रडायला लागली होती आणि तिचा पोरगा वाचल्याचं ते रडणं नेत्राला त्या क्षणी सहन होईना.

"पाठव म्हण ना," प्रेमा म्हणाली. "तू आई आहेस. तू म्हणालीस तर श्वेता नाही म्हणणार नाही. पण त्यानं मार खाण्याची तयारी ठेवूनच मोजा टांगलाय गो. तीन-तीनदा."

नेत्रा मोरीत गेली आणि नळ सोडून तोंडात पदर कोंबून रडली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "प्रितम जाणार नाही. पण नाही म्हणायचं नाही. पासपोर्ट अडकलाय म्हणायचं. आज अडकलाय, उद्या अडकलाय. जेवढे दिवस ढकलता येतील तेवढे."

पुढचा आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. चौकीत गेली. तिथला माणूस वाईट नव्हता, पण त्यानं फोटो बघून विचारलं, "मॅडम, मुलगा स्वतः मजेत आहे म्हणतो. मोज्यावर तक्रार कशी लिहू?" वकिलातीच्या नंबरावर फोन केले, मेल पाठवले. नोकरीच्या नावाखाली परदेशात अशी अडकलेली मुलं सोडवणाऱ्या एका संस्थेतल्या बाई तेवढ्या लगेच म्हणाल्या, "फोटो सगळे पाठवा. खिडकी दिसते त्यात, जागा शोधता येते कधीकधी. आणि त्याच्याशी नेहमीसारखंच बोला. त्यानं धीर सोडता कामा नये. काही मुलं वरून उड्या मारतात हो." ते शेवटचं वाक्य नेत्राच्या डोक्यातून जाईना. भाजी चिरताना, ऑफिसात पावत्या फाडताना, तेच. तो खूण करतोय, करतोय, आणि इथं आपण दर रविवारी पेढे खातोय असंच त्याला वाटत असणार.

रविवारी दुपारी ती फोन घेऊन ओटीवर बसली. कॉल लागायच्या आधी प्रेमा आतून आली. दोन्ही हातांत टोपल्या. भिंतीपाशी, नेत्राच्या खांद्यामागे, कॅमेऱ्यात दिसतील अशा तिनं त्या उपड्या घातल्या. मग स्वतः बाजूला सरून दाराआड उभी राहिली.

दिपेशचा ओठ सुजलेला होता. "बाथरूममध्ये पडलो गं," तो म्हणाला. "प्रितमचं काय झालं? साहेब विचारतायत."

"पासपोर्टची वाट लागली रे. पत्ता चुकला त्यात, पुन्हा करायला टाकलाय. येतोय तो, खूप खूश आहे." नेत्रा हसली. एवढं खोटं हसू तिनं जन्मात आणलं नव्हतं. "जेवलास? काय जेवलास?"

"भात." तो उत्तर देत होता, पण नजर तिच्यावर नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे गेली होती आणि तिथंच थांबली होती.

"आई," तो म्हणाला, "टोपल्या उपड्या कुणी घातल्या? आजी ओरडेल ना."

"आजीनंच घातल्यात."

त्यानं मान खाली घातली. खांदे एकदा जोरात हलले. पलीकडून कुणीतरी परक्या आवाजात काहीतरी विचारलं. दिपेशनं डोळे पुसले आणि तिकडे वळून म्हणाला, "कुछ नहीं सर. आजी की याद आ गयी."

मग पुन्हा तिच्याकडे बघून म्हणाला, "राहू दे तशाच. सरळ करू नको."

"नाही करत," नेत्रा म्हणाली, पण तोवर कॉल बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी प्रेमा बाजारात दोन नव्या टोपल्या घेऊन बसली. शेजारची म्हणाली, "जुन्या काय झाल्या गो? चांगल्या तर होत्या."

"घरात कामात आहेत," प्रेमा म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.