अण्णांचं बोट

आष्टीहून माहेरी गेले की माझे वडील, अण्णा, ओसरीवर गळ आणि नायलॉनचा दोरा घेऊन बसलेले दिसायचे. शेतातलं उरकलं की गावच्या तळ्यावर जाऊन बसायचं, एवढाच त्यांचा शौक. आई माळकरी. तिला मासळीचा वासही चालत नसे. अण्णा मासे शेजाऱ्यांना देऊन टाकत आणि हातपाय धुऊनच घरात येत.

त्या दिवशी आई चहा घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली. "अवो, रगत!"

अण्णांचं धोतर मांडीवर लाल झालं होतं. गळ उजव्या हाताच्या बोटात पार आत रुतला होता आणि ते त्याच हातानं पुढची गाठ मारत होते.

"कावून बोलला न्हाईत?" मी ओरडलेच.

"कळलं तर बोलीन ना," ते म्हणाले.

गळाला उलटा काटा असतो, मागं ओढला तर मांस फाटतं. म्हणून हात तसाच फडक्यात गुंडाळून त्यांना नेकनूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बोट बधिर करायला सुई भरू लागले.

"सुईचं काय काम न्हाई, सायेब."

डॉक्टर थांबले. टाचणीनं एकेक बोट टोचून बघितलं, मग पावलं. अण्णा डोळे मिटून "न्हाई... न्हाई..." म्हणत राहिले.

साखर निघाली, बरीच जुनी. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळायचं नाही. हे त्यांनी आमच्यापासून लपवलं होतं. "तुमी घाबरला असता," एवढंच म्हणाले.

जखम चिघळली. बीडला नेऊन बोटाचं पेर काढावं लागलं.

उन्हाळ्यात पुन्हा गेले तर ओसरीवर आई गळ बांधत होती! गळ्यात माळ, डोळ्यांना चष्मा, ओठ घट्ट मिटलेले. अण्णा शेजारी बसून सांगत होते, "आनखी एक येढा दे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेले. अण्णा दोरा बोटांवर धरून बसत. माशानं तोंड लावलं की बोटांना कळायचं. बऱ्याच वेळानं पाण्यातला दोरा तिरका सरकला, ताणला. मला दिसत होतं. अण्णा मात्र पलीकडच्या शेळ्यांकडं बघत होते.

"अण्णा, लागलाय!"

त्यांनी झटका दिला. गळ रिकामा वर आला.

"गाठ सैल झाली आसंल," मी उगाच म्हणाले.

"गाठ पक्की हाय. लई जपून मारलीय तिनं." त्यांनी हाताकडं बघितलं. "मलाच कळलं न्हाई, पोरी."

घरी आईनं विचारलं, "लागलं का काही?"

"आज पान्यात मासाच न्हाई."

"मग उद्या जावा. आनखी दोन बांधून ठिवते."

अण्णांनी मान हलवली. पण ते पुन्हा तळ्याकडं गेले नाहीत. आई काही दिवस रोज विचारायची, जाताव का म्हणून. मग तिनंही विचारणं सोडलं.