डोळे मिचकावा

“कसानी घाई शे?” हे माझ्या बायकोचं ठरलेलं. बस सुटत असली तरी हेच. त्या दिवशी दोंडाईच्याच्या ऑनलाइन सेंटरमध्येही ती तेच म्हणाली आणि कागदांची पिशवी सावकाश सोडू लागली.

आमची ती तिसरी चक्कर. बँकेने तिचं खातं अडवलं होतं. ओळखीचे कागद नव्याने चढवल्याशिवाय तिची पेन्शन हाती येणार नव्हती. पहिल्यांदा फोटो पुसट म्हणून परत आला, दुसऱ्यांदा आधारची मागची बाजूच राहिली.

तुमच्याही घरात कागद सांभाळणारं एक माणूस असेल. माझ्या घरात ती होती. अक्षर वाचता येत नव्हतं, पण आधारला हळदीचा डाग, पासबुकाला उदबत्तीचा वास, पॅन रुमालाच्या गाठीत. मागितलं की न बघता काढून द्यायची. मी चौथी शिकलेला, मला काही सापडायचं नाही.

त्या सकाळी चहा तिच्या ओठाच्या डाव्या कडेने गळला. बसच्या पायरीवर डाव्या पायातली चप्पल पडली, तिला कळलंही नाही. मी खेकसलो, “ध्यान कोठे शे तुनं?”

सेंटरवाल्या बाईंनी कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर घेतल्या, कडा कापल्या, फाईल लहान केली. मोठी फाईल बँक घेत नाही म्हणे. माझाही फोटो काढून ठेवू का, असं बाईंनी विचारलं, तर ही म्हणाली, “त्यासना फोटो दखीसन बँकवाला पयी जातीन.” “बँकवाले कशाला पळतील!” म्हणत बाई हसल्या. ही हसली ती अर्ध्याच तोंडाने.

मग बाईंनी मोबाईल तिच्यासमोर धरला. गोलात चेहरा यायला हवा आणि डोळे मिचकावायचे, म्हणजे माणूस जिवंत आहे हे कळतं. तिने मिचकावले. लाल. परत मिचकावले. लाल.

बाईंनी मोबाईल खाली ठेवला. “आबा, अक्कांचा डावा डोळा मिटत नाही. तोंडही ओढलंय. आधी दवाखान्यात न्या. कागद तयार आहेत, उद्या चढवू.”

मी म्हणालो, उन्हाने होतं असं. चौथी चक्कर मारायची नाही मला.

“कसानी घाई शे?” ती मला म्हणाली. शब्द जड आला. मी ऐकला.

मी बाजूला उभा राहिलो, तिच्या डाव्या कानशिलाशी बोट लावलं आणि पापणी खाली ओढली. हिरवी खूण आली.

बाईंनी फाईल चढवली. निघताना एवढंच सांगितलं, दवाखाना बसस्टँडच्या अलीकडेच आहे. आम्ही त्याच्यावरूनच गेलो. बस लागलेली होती.

सकाळी ती उठली नाही. उजवा डोळा मिटलेला होता, डावा उघडा. मी बोट लावून पापणी खाली ओढली. बोट काढलं की डोळा उघडायचा. म्हणून गल्लीतली माणसं येईपर्यंत मी बोट तसंच धरून बसलो.