मुनव्वरभाईंचा आवाज आणि पुण्याची हद्द

अत्तारांच्या घरातलं अत्तर आजोबांबरोबरच संपलं. मुनव्वरभाई अत्तार वर्षभर बोहरी आळीत बिजागऱ्या आणि कडी-कोयंडे विकतात, पण ती नोकरी. त्यांचं खरं काम निवडणूक लागली की सुरू होतं. टपावर दोन भोंगे बांधलेल्या रिक्षात बसायचं, हातात माईक धरायचा आणि पुणे लोकसभा मतदारसंघाशी बोलायचं. मतदारसंघाशी, मतदारांशी नाही. हा फरक ते स्वतःच करतात. "मतदार काय, चौक ओलांडला की मागे पडतो," ते म्हणतात. "मतदारसंघ सोबत राहतो."

सुरुवात चौऱ्याऐंशी सालची. गणपतीच्या मांडवात हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा एकोणीस वर्षांचा मुनव्वर कुणाच्या तरी कानात भरला, आणि त्या डिसेंबरात त्याला थेट प्रचाराच्या जीपमध्ये बसवण्यात आलं. तेव्हा मत द्यायला एकवीस पूर्ण लागत. वडील दारात उभे राहून म्हणाले, "खुद का वोट नहीं, और सारे पेठ को बोलता फिरता, वोट डालो!" पेठेने वोट घातलं. मुनव्वरच्या सांगण्यावरून घातलं असं कुणी म्हटलं नाही, पण त्याने तसं धरून चालायला कुणाची हरकतही नव्हती.

तेव्हापासून पक्ष कुठला, हे भाईंनी कधी मनाला लावून घेतलं नाही. ज्याने बोलावलं त्याच्यासाठी बोलले. शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव अशा तीन निवडणुका पाठोपाठ आल्या तेव्हा तिन्ही वेळा वेगळ्या रिक्षात होते, आणि नव्व्याण्णवला सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी गॅलरीतून विचारलंच, "काय हो, गेल्या वर्षी ज्यांना पाडा म्हणालात ते आता सुधारले का?"

"नाही साहेब," भाई माईकवरूनच म्हणाले, "मी सुधारलो."

"मग आवाज कमी करा. सुधारलेली माणसं हळू बोलतात."

भाईंनी आवाज कमी केला. त्यांचं कसब हेच होतं. सदाशिव पेठेत शिरताना ते "सुजाण नागरिकहो, आपला अमूल्य वेळ घेत आहोत, क्षमस्व" अशा सुरात यायचे, जणू वर्गणी परत करायला आलेत. कॅम्पात तोच घसा "भाईयों, बहनों, लेडीज अँड जंटलमेन" करत रुंद व्हायचा. खडकीला फॅक्टरीची शिफ्ट सुटायच्या वेळी क्वार्टरांपाशी रिक्षा उभी करून ते म्हणायचे, "कामगार बंधूंनो, आधी चहा घ्या, मग ऐका. मी कुठे जात नाही." दोन हजार नऊला मतदारसंघाची नव्याने आखणी झाली. विधानसभेचे भवानी पेठ आणि बोपोडी हे मतदारसंघ नकाशातून गेले, कोथरूड आणि वडगाव शेरी आले, आणि भाईंच्या वाट्याला खराडी आली. तिथे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींच्या खिडक्या उघडतच नाहीत हे त्यांना पहिल्या तासात कळलं. तासभर "डिअर फ्रेंड्स" करून त्यांनी रिक्षा चहाच्या टपरीकडे वळवली आणि हाक मारली, "गळ्यात पट्टा अडकवलेल्या सर्व मित्रांनो!" सगळ्यांनी वर पाहिलं. एक मुलगी म्हणाली, "अंकल, सो क्यूट."

दरम्यान घर अपुरं पडलं. मोमीनपुऱ्यातली दोन खोल्यांची जागा सोडून भाई आणि नसीमभाभी वारज्याला राहायला गेले. महापालिका पुण्याची, पाणी पुण्याचं, पाणी न आल्यावर द्यायच्या शिव्याही पुण्याच्याच. फक्त लोकसभेला वारजे बारामतीत. म्हणजे भाई दिवसभर ज्या मतदारसंघाला "आपल्या शहरासाठी, आपल्या पुण्यासाठी" म्हणायचे, तिथे त्यांना स्वतःला मत नव्हतं. भाभी हसायच्या. "शुरू में भी नहीं था," त्या म्हणायच्या. "घूम-फिरके वहीं आए."

दोन हजार चोवीसची निवडणूक आली. त्याआधी वर्षभर पुण्याला खासदारच नव्हता. जागा रिकामी होती आणि पोटनिवडणूक झालीच नाही. भाईंचा घसा या वेळी जरा जास्तच शिवशिवत होता. ते प्रचार कार्यालयात गेले तर तिथे शौनक नावाचा पंचविशीतला मुलगा तीन मोबाइल समोर मांडून बसला होता.

"काका, या वेळी आपण क्लिप वापरतोय. प्रोफेशनल व्हॉइस आहे. एकदा रेकॉर्ड केलं की दहा रिक्षांवर सेम मेसेज."

"आणि पुढे बैल आडवा आला तर?"

"म्हणजे?"

"क्लिप काय म्हणेल त्याला? विकासाला साथ द्या?"

शौनक हसला, आणि तिथेच फसला. "ओके काका. वन रिक्षा, लाइव्ह. पण बघा हं, लाइव्ह इज रिस्की. एक कम्प्लेंट आली, सिंगल, की माईक काढायचा आणि क्लिप लावायची. डील?"

"डील," भाई म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारला असावा, पण हुबेहूब शौनकसारखा उच्चारला. एकोणसाठ वय, चाळीस वर्षांचा घसा, आणि आता तो एका तक्रारीवर टांगलेला. पुढचे सगळे दिवस भाई इतके जपून बोलले की सदाशिव पेठेत एका बाईंनी खाली येऊन विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

रिक्षा संतोषची होती. तोही वारज्याचा, तिथला मूळचा. संध्याकाळी काम संपलं की दोघं भोंग्यासकटच घरी जायचे, आणि भाईंचा एक रिवाज होता: हद्द येईपर्यंत माईक सोडायचा नाही. कर्वेनगर संपून वारजे कुठे सुरू होतं याची रस्त्यावर काही खूण नाही. भाईंनी आपली खूण ठरवली होती. डाव्या हाताला एक रसवंतीगृह लागायचं, हिरव्या कापडाचं, घुंगरांचा चरक असलेलं. घुंगरं ऐकू आली की माईक बंद. डोळे मिटून बसले असले तरी चुकायचं नाही.

सहा मेला, सोमवारी, चुकलं. बारामतीचं मतदान दुसऱ्या दिवशी, मंगळवारी होतं. पुण्याचं पुढच्या आठवड्यात, तेरा तारखेला. म्हणजे कर्वेनगरात प्रचार जोरात आणि वारज्यात आदल्या संध्याकाळपासून एकदम बंद. आणि रस्त्याचं काम निघालं म्हणून रसवंतीवाल्याने त्याच दुपारी आपला चरक उचलून चांगला पुढे, वारज्याच्या भर चौकात नेऊन मांडला होता. संतोष त्या दिवशी फोनवर बायकोशी दळणावरून भांडत होता. भाई डोळे मिटून घुंगरांची वाट बघत बोलत राहिले. "पुणेकरहो, तेरा तारखेला घराबाहेर पडा! पुणेकरहो, ऊन आहे, टोपी घाला, पण पडा! ओ पांढऱ्या गाडीतल्या ताई, जरा डावीकडे घ्या, मागे रिक्षा आहे! तर पुणेकरहो..."

पांढरी गाडी डावीकडे झाली, रिक्षा पुढे गेली, आणि मग पांढरी गाडी मागून येऊन आडवी लागली. तिच्यातून एक हवालदार, एक कॅमेरावाला आणि शेफाली गुजर उतरल्या. गुजरबाई एरवी सातवीला भूगोल शिकवत. निवडणुकीपुरत्या त्या भरारी पथकाच्या प्रमुख होत्या आणि सकाळपासून उन्हात होत्या.

"प्रचार काल सहाला संपला. माहीत आहे ना?"

"मॅडम, ह्यो पुण्याचा प्रचार हाय," संतोष म्हणाला. "बारामतीचा न्हाई."

"तुम्ही उभे कुठे आहात?"

"वारज्यात."

"वारजे कुठे आहे?"

"पुण्यात."

"लोकसभेला?"

संतोषने भाईंकडे पाहिलं. सातवीतल्या मुलासारखं पाहिलं. भाईंनी चौकातल्या चरकाकडे पाहिलं. तो नुकताच कुणीतरी फिरवायला घेतला होता आणि घुंगरं निवांत वाजत होती.

गुजरबाईंनी रुमालाने मान पुसली. त्यांना घरी जायचं होतं. सकाळी पाचला पुन्हा हजर व्हायचं होतं. पंचनामा म्हणजे दीड तास. त्यांनी स्वतःच वाट काढून दिली. "हे बघा, रेकॉर्ड असेल ना? बंद करायचं राहून गेलं. तांत्रिक चूक. तसं लिहिते, समज देते आणि सोडते. कार्यालयाला कळवायचीही गरज नाही."

संतोषने इतक्या जोरात मान हलवली की त्याचा चष्मा सरकला. "रेकॉर्डच मॅडम, रेकॉर्डच!"

भाईंना नुसतं हो म्हणायचं होतं. नव्हे, काहीच म्हणायचं नव्हतं, गप्प बसायचं होतं. माईक वाचला असता, पुढचे पाच दिवस वाचले असते, शौनकला पत्ताही लागला नसता. हे सगळं त्यांना कळत होतं.

"रेकॉर्ड?" ते म्हणाले.

"भाई," संतोष पुटपुटला, "भाई, गप ऱ्हावा."

"मॅडम, आत्ता मी काय म्हणालो? पांढऱ्या गाडीतल्या ताई, डावीकडे घ्या. रेकॉर्डला पांढरी गाडी दिसते का? आत ताई बसल्यात, हे दिसतं का?"

गुजरबाईंनी वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. "म्हणजे ते तुम्ही आम्हाला म्हणालात? पथकाच्या गाडीला?"

"हो. आणि तुम्ही घेतलीत."

कॅमेरावाला हसला आणि बाईंनी पाहिल्यावर थांबला. "घेतली," त्या म्हणाल्या. "आता लिहितेही." आणि त्यांनी सगळं नीट, भूगोलाच्या बाईंना शोभेल असं, दिशांसकट लिहिलं. आवाज माझा, चालकाचा दोष नाही, असा जबाब भाईंनी दिला. भोंगे, अॅम्प्लिफायर आणि माईक जप्त झाले, रिक्षा सोडली. संतोषने रिक्षा भाईंच्या दारात थांबवली. भाई उतरताना तो एवढंच म्हणाला, "येवढं खरं तर उमेदवारबी बोलत न्हाई, भाई."

नसीमभाभींनी ताट वाढता वाढता ऐकून घेतलं. "रेकॉर्ड बोल देते तो क्या जाता?"

"पहले आवाज जाता," भाई म्हणाले. "माइक बाद में." आणि जेवले.

सकाळी दोघांनी वारज्यातल्या केंद्रावर जाऊन बारामतीसाठी मत दिलं. दुपारी शौनकचा फोन आला. तो रागावला नव्हता, ही जास्त अवघड गोष्ट होती. "काका, व्हाय? व्हाय? नोटीस आली आम्हाला. लाइव्ह संपलं आता, माझ्या हातात नाही. पण नोटिशीबरोबर आलेला पथकाचा व्हिडिओ मी पाहिला. वॉव. वरती पण ऐकवला. ते म्हणाले, हाच आवाज घ्या. तुमचीच क्लिप करू. दहा रिक्षा, काका! अख्खं पुणे!"

अख्खं पुणे म्हटल्यावर भाई नाही म्हणू शकले नाहीत. नऊ तारखेला शौनकने त्यांना एका स्टुडिओत नेलं. भिंतींना स्पंज लावलेली छोटी खोली, थंडगार. काचेपलीकडे शौनक आणि एक यंत्रवाला. भाईंच्या कानावर हेडफोन बसवले, समोर कागद ठेवला. कागद त्यांनी उलटा केला. त्यांना कागद लागत नाही.

"बोला काका," कानात शौनक म्हणाला.

भाईंनी घसा साफ केला. तोंड उघडलं. मिटलं.

"समोर कोण आहे?"

"कोणी नाही. बोला ना."

"तसं नाही. मी आहे कुठे? पेठेत की कॅम्पात?"

"सगळीकडे."

भाई विचारात पडले. "सुजाण नागरिकहो" म्हणावं तर खडकीचा शिफ्टवाला पाठ फिरवील. "भाईयों बहनों" म्हणावं तर सदाशिव पेठ खिडकी लावून घेईल. खराडीचं तर विचारायलाच नको. त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पहिल्या शब्दावर थांबले. मग एकदा नुसतं "पुणेकरहो" म्हणाले, आणि पलीकडून कुणी काहीच म्हणेना म्हणून पुढचं सुचेना.

"काका, एनी प्रॉब्लेम?"

मुनव्वरभाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, गुंडाळलेल्या वायरीसकट, व्यवस्थित. शौनकला वाईट वाटू नये असं काहीतरी सांगायला हवं होतं. मग माईककडे तोंड करून ते म्हणाले, "शौनकराव, वरती सांगा, माझा आवाज बसलाय."

काचेपलीकडे यंत्रवाल्याने दचकून कानावरचं काढलं; पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ टोकापर्यंत लाल झाली होती. शौनकने त्या रेघेकडे पाहिलं. मग त्याने मोबाइल उचलला आणि तसंच लिहून पाठवलं.