नावाड्याचं काम

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर सहामध्ये माझ्या शेजाऱ्याला कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायची हौस होती. क्रेनवरची पाळी संपली की तो अंगणात खाट टाकून बसायचा. नायकाचं स्वगत तो सपाट्याने उरकायचा. आचारी, पहारेकरी, दासी आले की मात्र प्रत्येकाला वेगळा आवाज द्यायचा.

आमच्या मंडळाने एका जुन्या कादंबरीवर नाटक बसवलं, तेव्हा भरदार आवाजामुळे राजाचं काम त्याच्याकडे आलं. मुलाला राजा झालेला पाहायला वडील भंडाऱ्याहून निघालेही. तेवढ्यात अध्यक्षांनी आपल्या भाषणाला वेळ हवा म्हणून राजाला नदीपार नेणारा नावाडी कापला.

"साहेब, नावाडी काढून राहिले, तं राजा नदी कसा ओलांडन?"

"लोक समजून घेतील."

"मंग राजालेच काढा. थेही समजून घेतीन."

अध्यक्ष बधेनात, तेव्हा त्याने राजाचं काम त्यांनाच देऊ केलं आणि नावाडी स्वतः मागून घेतला. अध्यक्षांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. भाषण मात्र त्यांनी आपण होऊन सोडलं.

प्रयोगात त्याने वादळातून राजाला पैलतीरी उतरवलं, कपाळ पुसलं आणि रिकामी नाव वळवून तो विंगेत गेला. राजा मुकुट सावरून बोलू लागला. माझ्या शेजारी त्याचे वडील घुश्शात बसले होते. मागून कॅम्प या कामगारवस्तीतली एक म्हातारी पुटपुटली, "एवढ्या वादळात थो नावाडी घरी पोचन का जी?"

वडील मागे वळले. "पोचन, बाई," ते म्हणाले. "माहा पोरगा आहे थो."