गंडमाळ आणि आत्या

आत्यांना जाऊन दीड महिना झाला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. भेटायला आलेल्या बायका माझ्या तोंडाकडं बघतात, सून फार रडली नाही म्हणतात. मला चारचौघांत बोलणं जमत नाही, म्हणून लिहिते. माझा आजार आत्यांना लागला असेल, ही भीती मी बारा वर्षं मनात घेऊन होते. त्या जायच्या चार दिवस आधी ती गेली. मोकळ्या मनानं त्यांना निरोप देता आला, म्हणून रडू कमी आलं…

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी सडकेच्या कामावर खडी फोडायला जात होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्या उन्हाळ्यात माझ्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली, मग तिच्याखाली दुसरी, तिसरी. मी पदर घट्ट ओढून घ्यायची. पण एकदा पाटी उचलताना पदर सरकला आणि आत्यांनी पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी एकेक गाठ बोटानं चाचपली. "गंडमाळ हाय. आमच्या आईला बी हुती." मग बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं कढत तेल गाठींवर लावलं, त्यांच्या आईला लावलं होतं तसंच. मी नको म्हणाले, पण इतकं हळू की त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी मान सुजली, कातडं उतलं आणि वरची गाठ फुटली.

आत्या मला चालवत मुरुम गावच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर खवळले, "हा बिब्बा कुणी घातला?" मी खाली बघत बसले. आत्या म्हणाल्या, "म्या घातला. ती न्हाय म्हनत हुती, म्याच ऐकलं न्हाय." म्हणजे त्यांना ऐकू गेलं होतं… डॉक्टरांनी सांगितलं, हा गाठींचा टीबी आहे, तीन महिने सुया आणि दीड वर्ष गोळ्या, बरी होईल, हा सहसा दुसऱ्याला लागत नाही. आमच्या भावकीतली एक सून टीबी झाला म्हणून माहेरी धाडली होती, ती परत आलीच नव्हती. आत्यांनी विचारलं, "सायेब, गंडमाळ म्हनलं तर चालतंय का?"

"पूर्वी म्हणायचे. आता आम्ही नाही म्हणत."

"मंग आमच्यापुरतं जुनंच नाव ऱ्हाऊ द्या."

कामावर पाण्याचं पिंप एक आणि तांब्याही एकच. सगळ्याजणी तोंड न लावता वरून प्यायच्या. तरी माझ्या मानेची पट्टी बघून शेजारची चंद्राबाई म्हणाली, "सुनेला येगळा तांब्या आन गं. न्हायतर माहेरी लावून दे." आत्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि तोंड लावून सगळा रिकामा केला. "गळ्यातली माळ हाय ती, चंद्रे. सोन्याची असती तर तूच आधी मागितली असतीस." बायका लई हसल्या. मला मात्र वाटलं, आता ह्यांना लागणार.

मी बरी झाले. मला कुणी माहेरी धाडलं नाही, दोन लेकरं झाली. पुढं गावात दूध संस्था निघाली. आत्या पहाटे दूध घालायला जायच्या, थंडीत खोकत परत यायच्या. त्या खोकल्या की मला तो तांब्या दिसायचा. डॉक्टरांचं बोलणं आठवून मन समजवायची, पण माझी गाठ तर फुटली होती, वाहत होती…

यंदा त्यांना दम लागायला लागला, पाय सुजले. दवाखान्यात छातीचा एक्सरे काढला. आमचे हे चहाला बाहेर गेले होते. मी उठले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःहून डॉक्टरांशी बोलले. "मला गंडमाळ झाली हुती. ती ह्यांना लागली का?" डॉक्टर तरुण होते, त्यांना तो शब्दच कळेना. मग मी पदर बाजूला केला आणि मान दाखवली. त्यांनी एक्सरे खिडकीशी धरला. "यांना टीबी नाही. फुफ्फुसं स्वच्छ आहेत. हृदय थकलंय, वयानं."

खाटेवरून आत्या म्हणाल्या, "बारा वर्सं हे धरून बसलीस व्हय? इचारायचं न्हाय का, येडे!"

"भ्या वाटायचं, आत्या."

"मला बी वाटायचं. तुझी मान बघितली की बिब्बाच दिसायचा."

"आता दुखत न्हाय."

"मंग झालं," म्हणाल्या आणि कूस वळवली. त्या दिवशी त्यांना शांत झोप लागली.

आत्यांनी कधी फोटो काढून घेतला नाही, त्यामुळं दहाव्याला ठेवायलाही नव्हता. एक्सरे मी ट्रंकेत ठेवलाय. दुपारी घरात कुणी नसलं की दारातल्या उजेडात धरते. पांढऱ्या बरगड्या, मधे मोठं झालेलं काळीज, बाकी कुठं डाग नाही. परवा लेक मागं येऊन उभी राहिली, हे काय म्हणाली.

"तुझी आजी," मी म्हणाले.