चिमटीतलं तेल

गॅरेजात त्याला सगळे चिमटीमामा म्हणत. मामा तो मालकाचा, म्हणजे सख्ख्या भाच्याचा; आणि चिमटी त्याच्या बोटांची. तेल ओतण्याआधी थेंबभर तेल अंगठ्यात नि तर्जनीत घ्यायचा, डोळे मिटून चोळायचा आणि सांगायचा, हे मोटारसायकलचं, ते स्कूटरचं. मोटारसायकलचा क्लच तेलातच बुडालेला, त्याला दाट, पकड न सोडणारं तेल हवं. स्कूटरचा क्लच बाहेर, कोरडा; तिला पातळ, निसरडं चालतं. डब्यांवर हे सगळं छापलेलं असे, पण डबे आले रे आले की मामा ते दोन सारख्या किटल्यांत रिकामे करी. किटल्यांवर ना चिठ्ठी ना खूण.

"खुणा लागतात नवशिक्यांना. माझी अक्कल बोटांत आहे."

"म्हणूनच वरचा मजला रिकामा," ठोक्या म्हणायचा. ठोक्या स्कूटरी बघायचा. दोघं एकाच उस्तादाच्या लाथा खाऊन शिकलेले. एकमेकांना शिव्या घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

पण मामाची बोटं रक्तातल्या साखरेनं खाल्ली. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. कप गरम आहे हे आता त्याला ओठांनी कळायचं.

"भाच्याला सांगून टाका एकदा," बायको म्हणाली.

"काय सांगू? बोटं मेली, आता नुसता मामा उरलाय, पोस म्हणून?"

गिऱ्हाइकं ती चिमटी बघायला मुद्दाम थांबत. मामा डोळे मिटायचा, चोळायचा, मान डोलवायचा. डावीकडची किटली मोटारसायकलची, उजवीकडची स्कूटरची, एवढं पाठ होतं. त्यावर निभत होतं.

मग एकदा कुणीतरी फळी पुसली आणि किटल्या परत ठेवताना डावीची उजवी केली.

दुसऱ्या दिवशी बर्फवाला मोटारसायकल ढकलत आला. कमरेखाली चिंब.

"कसलं तेल घातलंत हो? चढावर गाडी नुसती बोंबलते, पुढं सरकेना! मागं आली घरंगळत. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून तुमच्यापुढं उभा आहे. बर्फाचं तर पाणीच झालं."

भाच्यानं तेल काढून पाहिलं. पाण्यासारखं धावलं.

"हे स्कूटरचं. मामा, तुम्ही चिमटी घेतली होती ना?"

सगळं गॅरेज पान्यासकट थांबलं.

"घेतली की. दाट होतं. तेवढ्यात घरून फोन आला मला... ओतलं ठोक्यानं."

ठोक्यानं तोंड उघडलं. त्याची नजर मामाच्या हातावर गेली. सायलेन्सरला चिकटून अंगठ्यावर टपोरा फोड आला होता, फुटून वाहत होता, आणि मामा तोच अंगठा पँटला खसाखसा पुसत होता. ठोक्यानं तोंड मिटलं.

"बोल की," भाचा म्हणाला.

"काय बोलू? तुझा मामा सांगतोय ना."

"मग उद्यापासून येऊ नकोस. माणूस मेला असता."

ठोक्यानं आपले पाने फडक्यात बांधले. जाताना क्लचच्या जुन्या केबलची तार उचलली आणि मोटारसायकलच्या किटलीच्या मुठीला घट्ट गुंडाळली.

"हाताला लागेल अशी बांधलीय, चिमट्या," तो हळूच म्हणाला. "नाहीतर पुढच्या वेळी कुणावर ढकलशील? मी एकच होतो."

मामा म्हणाला, "चहा तरी..."

"तूच पी. फुंकून पी, भाजलं तरी कळायचं नाही तुला."

तो गेला. बाजूच्या दुकानदारानं आपली मोटारसायकल लावली आणि हसत पुढं झाला, "हं, मामा, होऊ द्या चिमटी!"

मामानं किटलीची मूठ धरली. तार असेल, नसेल. हाताला काही लागलं नाही. त्यानं थेंब घेतला, चोळला, मान डोलावली.

"आज डोळे नाही मिटले?" दुकानदारानं विचारलं.

मामा तारेकडं बघत होता.