कुणाचा तरी गुणक

रबाळ्याच्या औषध कंपनीत मी लागले तेव्हा आमच्या खोलीत एकच संगणक होता आणि त्यावर सगळ्यांचं मिळून एकच खातं. त्यावर संख्याशास्त्राची एक भाषा चालायची. गोळीतलं औषध महिन्यागणिक किती कमी होतं त्याची मोजमापं तिला द्यायची आणि तिनं सांगायचं, ही गोळी किती महिने टिकेल. तीच मुदत पुढे पाकिटावर छापली जाई.

त्या भाषेची एक सवय होती. आपण लिहिलेल्या सूत्रात एखादं नाव आलं की ती आधी सूत्राच्या आत त्याची किंमत शोधायची. तिथं नसली तर बाहेर, सगळ्यांच्या सामायिक जागेत. त्या जागेत ठेवलेली नावं संगणक बंद केला तरी पुसली जात नसत. महिन्यापूर्वी दुसऱ्या कुणी ठेवलेलं असलं तरी ती ते उचलायची आणि गुपचूप पुढे जायची. कुठेच सापडलं नाही तरच ओरडायची. हे सगळं मला पुस्तकात वाचून माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं वाटत होतं.

एका गुरुवारी दुपारी आमच्याकडे दुसरा संगणक आला. त्यावर माझं स्वतःचं खातं, कोरी जागा. मी हौसेनं माझं सूत्र त्यावर चढवलं, चालवलं, आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘गुणक’ नावाचं काहीच सापडत नाही.

मी सूत्र उघडून पाहिलं. औषध मोजायचं यंत्र दिव्याच्या प्रकाशावर चाले आणि त्याची मोजमापं त्या दिव्यासाठी ठरलेल्या गुणकानं गुणावी लागत. तो गुणक बाहेरून द्यायची सोय सूत्रात करायचीच मी विसरले होते. मग इतके दिवस ते चाललं कसं? जुन्या संगणकावर जाऊन पाहिलं. सामायिक जागेत ‘गुणक’ होता. माझा नव्हे. माझ्या सहकारी ताईनं ठेवलेला. ती बाळंतपणासाठी उलव्याला माहेरी गेली होती आणि त्या नावापुढची तारीख तिच्या रजेच्या आदल्या दिवसाची होती.

या सूत्रावर मी तीन अहवाल दिले होते. दोन ती रजेवर जायच्या आधी, तिसरा नंतर. तिसरा फिट्सच्या गोळीचा. औषध कमी पडलं तर माणसाला रस्त्यात फिट येईल अशी गोळी.

साहेब समोरच्या काचेआड बसले होते. उठून सांगायचं एवढंच काम होतं. मी उठले नाही. आधी खात्री करू, मग सांगू, असं स्वतःला म्हटलं. खरं कारण होतं भीती. दिघ्याच्या आमच्या दोन खोल्यांत पँट-शर्टवाल्या साहेबाच्या हाताखाली काम करणारी मी पहिलीच. वडील बाजारात पोती उचलायचे आणि साताऱ्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला माझ्या नोकरीचं सांगायचे. त्या संध्याकाळी आईनं विचारलं, “जेवत का न्हाईस?” मी म्हटलं, “डोकं दुखतंय.”

शुक्रवारी अर्धी रजा टाकली. बेलापूरहून बस धरली, फाट्यावर उतरून मिठागरांच्या कडेनं चालत उलव्याला गेले. घर विचारत विचारत पोचले तर दारात ताईची आई.

“ये गो बाय, बस. पानी घे. ती जागीच हाय.”

ताई आठव्या महिन्यात, पाय सुजलेले. मला बघून हरखली, मग माझं तोंड बघून तिनं मला जवळ बसवलं. मी सगळं सांगितलं.

“अगं, यंत्राचा दिवा बदलला ना,” ती म्हणाली, “म्हणून शेवटच्या दिवशी मी गुणक बदलला. तुझी फिट्सची गोळी कुठल्या दिव्यावर मोजलीय?”

“जुन्या. सगळी मोजमापं जुन्या दिव्यावरची.”

तिनं पिशवीतून वही काढली, पान काढलं. जुना गुणक शून्य पॉईंट नऊ सात. नवा एक पॉईंट शून्य दोन. म्हणजे होतं त्यापेक्षा जास्त औषध मी दाखवलं होतं.

“साहेबांना सांगितलंस?”

“नाही.”

“जा मग. इथं कशाला बसलीस?”

मी बेलापूरला परतले तोवर ऑफिस सुटलं होतं.

शनिवारी सकाळी वहीतला आकडा घालून गणित पुन्हा केलं. गोळीची मुदत छत्तीस महिन्यांवरून चोवीसवर आली. पहिले दोन अहवाल बरोबर होते, केवळ नशिबानं; तेव्हा त्या जागेत अजून जुनाच गुणक होता. कागद घेऊन काचेआड गेले. साहेबांनी दोनदा वाचला.

“कधी लक्षात आलं?”

“गुरुवारी.”

“आज शनिवार आहे, मॅडम. काल दुपारी छपाई सुरू झाली.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलून छपाई थांबवली. माल दाराबाहेर पडला नव्हता. मग मला घेऊन ते पॅकिंगमध्ये गेले. तिथल्या बायकांनी टेबलांवर पाकिटांचे ढीग लावले होते, प्रत्येकावर माझे छत्तीस महिने. ती सगळी फाडायची होती. मीही त्यांच्या रांगेत बसून संध्याकाळपर्यंत फाडत राहिले. माझ्या शेजारच्या बाईनं विचारलं, “काय चुकलं गं?” मी म्हटलं, “माझंच.” चूक माझी असली तरी स्वतःच्या ढिगातलं एकही पाकीट तिनं माझ्याकडे सरकवलं नाही.

नोकरी राहिली. नव्या अहवालावर साहेबांनी माझीही सही घेतली आणि प्रत्येकाला वेगळी जागा करून दिली. तरी कितीतरी महिने एखादं सूत्र न कुरकुरता चाललं की मी ते पुन्हा उघडून प्रत्येक नाव कुठून आलं ते तपासायचे.

ताईला मुलगी झाली. ती कामावर परतल्यावर आम्ही दोघी ती जुनी सामायिक जागा साफ करायला बसलो. एकेक नाव वाचायचं, कुणाचं ते आठवायचं, पुसायचं. शेवटी एक नुसतं ‘क’ उरलं. किंमत सात.

“तुझं?”

“नाही. तुझं असेल.”

“माझं नाही.”

पुसायचा धीर दोघींनाही झाला नाही.